तीन टन शेनिन, एक टाकी: नाशिकच्या बागायतदार कुटुंबासाठी व्हाइट वाइनची पहिली वाट

दिंडोरी, निफाड, नाशिक, इगतपुरी या पट्ट्यात ज्यांची द्राक्षबाग आहे आणि ज्यांना स्वतःच्या मालाची व्हाइट वाइन स्वतःच करायची आहे, अशा कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. सगळा हिशेब शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षाच्या तीन टन मालाचा धरला आहे. पहिल्या हंगामाला एवढा एक लॉट पुरेसा असतो. घरातली माणसं तो सांभाळू शकतात, आणि चूक झाली तरी वर्षाची सगळी कमाई त्यात अडकत नाही.

आपल्याकडे व्हाइट वाइन बिघडते ती बहुतेक वेळा उष्णतेने आणि हवेने. फेब्रुवारी उतरणीला लागला की दुपारचं ऊन चढतं, मण्यातलं आम्ल झपाट्याने कमी होतं, पीएच (आंबटपणाचं माप, आंबटपणा कमी तेवढा आकडा जास्त) वर सरकतो. असा माल दुपारी तोडून गरम प्रेसमध्ये घातला तर नंतर कितीही महागडं यीस्ट वापरा, वाइन सपकच राहते. म्हणून घड तोडल्यापासून बाटलीला झाकण लागेपर्यंत रस थंड ठेवायचा आणि हवेपासून वाचवायचा. पुढच्या बहुतेक पायऱ्या यासाठीच आहेत.

आधी परवाना

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय वाइन तयार करणं हा गुन्हा आहे. “आधी घरी एका ड्रममध्ये करून बघू” हा विचार सोडून द्या. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा उत्पादन परवाना, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना हे तिन्ही हातात आल्यावरच माल प्रेसमध्ये जातो. लेबलची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. दुसऱ्या राज्यात विकायचं असेल तर त्या राज्याची नोंदणी पुन्हा वेगळी. कागदपत्रांना किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे निदान एक हंगाम आधी सुरुवात करा.

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं, त्यातून विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. स्वतःच्या शेतावर बांधकाम करायचं की पार्कमध्ये जागा घ्यायची, हा निर्णय पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय बघून घ्या. एक मार्ग कमी लोकांच्या लक्षात येतो: परवानाधारक वाइनरीशी रीतसर करार करून पहिल्या वर्षी आपल्या मालाची वाइन तिथे करून घेणे. नवख्या कुटुंबाला आमचा सल्ला हाच राहील. वाइनरी चालवणं दुसऱ्याच्या टाकीवर शिकता येतं, आणि यंत्रं घेण्याआधी आपल्या बागेचा माल काय देतो ते कळतं.

कोणती जात

शेनिन ब्लां. मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली ही जात नाशिकला चांगली मानवली आहे. सुला वाइनयार्ड्सने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये शेनिन आणि सॉव्हिन्यॉं ब्लां या दोन्ही होत्या, आणि आजही या भागातल्या व्हाइट वाइनचा कणा याच दोन जाती आहेत. शेनिन आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवते, उत्पन्न बरं देते, आणि कोरडी (साखर जवळजवळ न उरलेली), किंचित गोड किंवा फसफसती अशी कोणतीही वाइन तिच्यापासून होते. तिचा दोष एकच: घड घट्ट असतो. अवकाळी पाऊस झाला की आतले मणी एकमेकांवर दाबून फुटतात आणि कूज आतून सुरू होते, बाहेरून दिसतही नाही.

सॉव्हिन्यॉं जास्त सुगंधी, पण नाजूक. थोडा उशीर झाला की तिचा हिरवा, पेरूसारखा वास उडून जातो, आणि प्रेसमध्ये हवा लागली तर उरलेलाही जातो. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या. व्हिओन्ये, शार्दने, रीसलिंग या जाती इथे होतात, पण पहिल्या टाकीसाठी नकोत.

थॉमसन किंवा सोनाकाची वाइन होते का, हा प्रश्न प्रत्येक बागायतदार विचारतो. होते, पण तिला ना वास ना अंग. खायच्या द्राक्षाचा उरलेला माल खपवायला वाइनरी काढू नये.

बाग: खायच्या द्राक्षाच्या सवयी सोडा

एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर–ऑक्टोबरची गोडी छाटणी हे चक्र तुम्हाला सांगायला नको. वाइनच्या बागेत फरक पुढे पडतो. जीएचे (जिब्रेलिक आम्लाचे) डिपिंग नाही, गर्डलिंग (सालीची गोल पट्टी काढणं) नाही, मणी फुगवण्यासाठी पाण्याचा मारा नाही. मणी लहान हवा, कारण सुगंध सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो. शेनिनचं एकरी सहा ते सात टन उत्पन्न धरा. बारा टन काढलेत तर साखर भरायला मार्च उजाडेल आणि तोवर आम्ल गेलेलं असेल.

गोडी छाटणीपासून तोडणीपर्यंत व्हाइट जातींना साधारण १२० ते १४० दिवस लागतात. २० सप्टेंबरच्या आसपास छाटलेली बाग जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते, म्हणजे रात्री अजून थंड असतात तेव्हा. छाटणी ऑक्टोबरअखेरीस ढकलली की माल मार्चच्या उन्हात सापडतो. वाइनची प्रत इथेच निम्मी ठरते.

मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडायला लागल्यावर) घडांच्या सकाळच्या बाजूची पानं विरळ करा, फेलफुटी काढा. पश्चिमेच्या बाजूची पानं राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात आणि रसात कडवटपणा येतो.

फवारणीत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे भुरीसाठी वापरलेलं गंधक. तोडणीच्या निदान ३० दिवस आधी ते पूर्ण बंद करा. सालीवर राहिलेलं गंधक आंबवणीत यीस्टच्या हाती लागतं आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तांब्याची औषधंही त्याच सुमारास थांबवा. सॉव्हिन्यॉंचा सुगंध तांब्याने मारला जातो. बाकी प्रत्येक औषधाचा तोडणीपूर्व काळ पाळा, आणि शंका असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी बघा.

तोडणी कधी

पाणी उतरून तीन आठवडे झाले की नमुने घ्यायला लागा. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) १८ च्या पुढे गेल्यावर दर दोन दिवसांनी. प्लॉटमधून २०० मणी घ्या: ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरचे, मधले, टोकाचे, उन्हातले आणि सावलीतले. हात आपोआप पिवळ्या, गोड मण्याकडे जातो, आणि मग रिफ्रॅक्टोमीटर खऱ्या मालापेक्षा एक-दीड ब्रिक्स जास्त दाखवतो. मणी पिशवीत चिरडा, रस गाळा आणि तीन आकडे वहीत लिहा: ब्रिक्स, पीएच आणि लिटरमागे आम्ल.

कोरड्या किंवा किंचित गोड शेनिनसाठी २०.५ ते २२ ब्रिक्स, पीएच ३.२ ते ३.४, आम्ल लिटरला ६ ते ८ ग्रॅम. साखर आणि पीएच यांचं भांडण झालं तर पीएचचं ऐका. ब्रिक्स २०.५ आणि पीएच ३.३५ असताना तोडलेला माल २२.५ आणि ३.६ च्या मालापेक्षा नेहमी चांगली वाइन देतो. अंदाजासाठी ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणा, अल्कोहोलची टक्केवारी मिळते. २१ ब्रिक्सला साधारण १२ टक्के.

तोडणी पहाटे. चारला कपाळावरचे दिवे लावून सुरुवात, आठच्या आत शेवटचं क्रेट वाइनरीत. क्रेट २० किलोचं, पण पाऊण भरायचं, कारण खालचे मणी फुटले की तिथेच आंबवण सुरू होते. बागेतच कुजलेला, मिलीबग लागलेला, आंबूस वासाचा घड बाजूला काढा. घट्ट घड मधोमध मोडून बघायला मजुरांना शिकवा. शेनिनमध्ये हे अत्यावश्यक आहे.

साहित्य: पैसे कुठे घालायचे

चांगला चिलर आधी, आयात केलेली प्रेस आणि टेस्टिंग रूम नंतर. चिलर किती मोठा घ्यायचा हे आंबवणीवर ठरत नाही, कारण हळू चालणाऱ्या आंबवणीची उष्णता थोडी असते. खरा भार तोडणीच्या सकाळी येतो. सुमारे १,८५० लिटर रस २२ अंशांवरून १० अंशांवर चार तासांत आणायचा तर तासाला साधारण साडेपाच हजार किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक रेफ्रिजरेशन टन म्हणजे तासाला सुमारे तीन हजार किलोकॅलरी. गळती धरून किमान तीन टनांचा चिलर लागतो. विक्रेता जी क्षमता सांगतो ती बहुधा सात अंशांच्या पाण्याची असते. तुम्हाला ग्लायकॉल (टाकीच्या जॅकेटमधून फिरणारं, न गोठणारं द्रावण) उणे पाच अंशांवर असतानाची क्षमता हवी, आणि ती बरीच कमी असते. ती लेखी घ्या. ग्लायकॉल प्रॉपिलीनच हवा, पाण्यात ३० ते ३५ टक्के. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, तो वाइनरीत आणूच नका. वीज जाणार हे गृहीत धरून चिलर चालवू शकेल असा जनरेटर ठेवा.

बाकी यादी अशी: देठ काढणारा डीस्टेमर, फुग्याची प्रेस, जॅकेट असलेल्या २,००० आणि १,५०० लिटरच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, कडक दाबाच्या रसासाठी ३०० लिटरची एक लहान टाकी, खाद्य दर्जाचे पाइप, हळू चालणारा पंप, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे सिलिंडर, हायड्रोमीटर, पीएच मीटर त्याच्या ४ आणि ७ च्या बफरसह (पीएच ठरलेली द्रावणं), आणि वाइनला हवेपासून व जिवाणूंपासून वाचवणारा सल्फर डायऑक्साइड (सल्फाइट) मोजायचं साधं काचेचं उपकरण. पीएच मीटर रोज सकाळी बफरवर लावून घ्या. ०.२ ने चुकलेला मीटर पुढचा सगळा सल्फाइटचा हिशेब चुकवतो.

धुलाईला १ ते २ टक्के कॉस्टिक, मग पाणी, मग १ टक्का सायट्रिक आम्ल, मग पुन्हा पाणी. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं कोणतंही द्रावण वाइनरीत वापरू नका. क्लोरीन, ओलं लाकूड आणि बुरशी यांतून जो कोंदट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास तयार होतो तो एकदा वास्तूत बसला की निघत नाही.

प्रेस

डीस्टेमरमध्ये जाताना माल १५ अंशांच्या खाली असेल तर उत्तम. क्रेट आले की टनामागे ८० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सगळे केएमएसच म्हणतात) थोड्या पाण्यात विरघळवून मालावर सारखं शिंपडा. तीन टनांना २४० ग्रॅम. केएमएसच्या वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर करायचे. उघडलेल्या पाकिटाची ताकद ओलाव्याने उतरते, म्हणून दरवर्षी नवं आणा.

प्रेसचा दाब ०.२ बारपासून हळूहळू वाढवा. मोकळा वाहणारा रस आणि ०.८ बारपर्यंतचा रस मुख्य टाकीत घ्या. हा टनाला सुमारे ५४० लिटर निघतो. त्यापुढचा ८० लिटर कडक दाबाचा रस वेगळा ठेवा. हे वेगळं करणं नवख्यांना नुकसानीचं वाटतं, पण जिभेवर फरक लगेच कळतो: पहिला रस आंबट-गोड, स्वच्छ, शेवटचा तपकिरी, साल चघळल्यासारखा तुरट, आणि त्याचा पीएच ०.२ ते ०.३ ने जास्त. दोन्ही वेगवेगळे आंबवा, मिसळायचं की नाही ते वाइन झाल्यावर ठरवा.

रस थोडा तपकिरी झाला म्हणून घाबरू नका. शेनिनचा हा रंग गाळाबरोबर खाली बसतो. आंबवण संपल्यावर लागलेली हवा मात्र भरून निघत नाही. सॉव्हिन्यॉंला दोन्ही वेळा जपा, टाकीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडून मगच रस घ्या.

निवळणे

रस टाकीत पोचताच पेक्टिन तोडणारं एन्झाइम घाला, १०० लिटरला २ ते ३ ग्रॅम, आणि तापमान १० ते १२ अंशांवर उतरवा. १८ ते २४ तासांत गाळ खाली बसतो. वरचा रस हलकेच काढून आंबवणीच्या टाकीत घ्या. तीन टनांच्या लॉटमध्ये सुमारे १,५०० लिटर स्वच्छ रस हाती येतो.

किती स्वच्छ? काचेच्या ग्लासात रस धरला तर पलीकडची बोटं दिसावीत, पण अंधूक. फार गढूळ रसातून कडवट, जड वास येतात. पाण्यासारखा नितळ केला तर यीस्टला पोषण उरत नाही आणि आंबवण मध्येच अडकते. निवळताना वर बुडबुडे दिसले, रस पुन्हा गढूळ व्हायला लागला, तर जंगली यीस्टने काम सुरू केलं आहे. थांबू नका, जेवढा निवळला तेवढा काढून लगेच स्वतःचं यीस्ट घाला.

आम्ल सुधारायचं ते आत्ताच. पीएच ३.५ असेल तर लिटरला १.५ ग्रॅम टार्टारिक आम्ल, म्हणजे १,५०० लिटरला २.२५ किलो. लिटरला एक ग्रॅम टार्टारिकने पीएच ढोबळमानाने ०.१ उतरतो. पोटॅश जास्त असलेल्या काळ्या जमिनीच्या मालात कमी उतरतो, म्हणून आधी एक लिटरवर करून बघा.

आंबवण

यीस्ट १०० लिटरला २५ ग्रॅम, १,५०० लिटरला ३७५ ग्रॅम. ते दहापट, म्हणजे पावणेचार लिटर, ३७ अंशांच्या स्वच्छ पाण्यात भुरभुरवा, २० मिनिटं राहू द्या. मग टाकीतला थंड रस थोडा थोडा त्यात मिसळत तापमान खाली आणा. बादली आणि टाकी यांच्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक असताना यीस्ट ओतलं तर बरंचसं तिथेच मरतं, आणि ही चूक दोन आठवड्यांनी आंबवण अडकल्यावर लक्षात येते. सुरुवातीला रस १६ अंशांवर ठेवा. फेस धरला, साखर एक ब्रिक्स उतरली की १४ वर आणा.

टाकी काठोकाठ भरू नका, फेसासाठी १५ टक्के जागा हवी. रोज सकाळ-संध्याकाळ, त्याच वेळी, ब्रिक्स आणि तापमान वहीत. दिवसाला १ ते १.५ ब्रिक्स उतरणं ही योग्य चाल. १२ ते २० दिवसांत काम संपतं. दोन ब्रिक्सपेक्षा वेगाने उतरत असेल तर सुगंध वायूबरोबर बाहेर चालला आहे, तापमान एक-दोन अंश कमी करा. थंडावा नसेल तर उतरणाऱ्या प्रत्येक ब्रिक्समागे रस सुमारे १.३ अंशांनी तापतो. रात्री चिलर बंद पडला आणि कोणी बघितलं नाही, तर सकाळपर्यंत टाकी तापलेली असते.

यीस्टचं खाणं म्हणजे नायट्रोजन. आपल्या मालात तो बऱ्याचदा कमी पडतो. साखर एक तृतीयांश उतरायच्या आत १०० लिटरला २० ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) द्या, १,५०० लिटरला ३०० ग्रॅम. त्यातून लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम नायट्रोजन वाढतो. प्रयोगशाळेतून रसाचा नायट्रोजन तपासून घेतला आणि तो १५० मिलिग्रॅमच्या खाली निघाला तर त्याप्रमाणे मात्रा वाढवा. साखर निम्म्यापेक्षा जास्त उतरल्यावर डीएपी घालू नका, तेव्हा यीस्ट ते घेत नाही आणि उरलेलं जिवाणूंच्या कामी येतं.

टाकीच्या तोंडाशी रोज वास घ्या. अंड्याचा वास आला तर पहिल्या टप्प्यात डीएपी आणि थोडं ढवळणं बहुधा पुरतं. आंबवण संपूनही वास राहिला तर गाळावरून वाइन लगेच काढा. तरीही गेला नाही, तर कॉपर सल्फेटचा प्रयोग आधी ग्लासात करा. तांबं लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नका. कॉपर सल्फेटमध्ये पाव हिस्साच तांबं असतं, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम कॉपर सल्फेट ही वरची मर्यादा.

साखर ४–५ ब्रिक्सला येऊन दोन दिवस हललीच नाही तर तापमान हळूहळू १८ वर न्या आणि खालचा गाळ ढवळून यीस्ट वर आणा. कोरडं यीस्ट तसंच टाकीत टाकण्याने काही होत नाही, अल्कोहोलमध्ये ते लगेच मरतं. नवं यीस्ट वेगळ्या भांड्यात चालू करून, त्यात अडकलेली वाइन थोडी थोडी मिसळत सवय लावावी लागते.

आता जिवाची गोष्ट. एक लिटर रस आंबताना ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. १,५०० लिटरची टाकी म्हणजे पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली भरेल एवढा वायू. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि दिसत नाही. हंगामात वाइनरीत एकट्याने जाऊ नका, खालच्या बाजूचे पंखे सतत चालू ठेवा, भिंतीवर गॅस मीटर लावा. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत वाकून डोकं घालायचं नाही. आत कोणी पडलं तर मदतीला दुसऱ्याने उडी मारायची नाही, हे मजुरांना आणि घरच्या मुलांनाही हंगामाच्या पहिल्या दिवशीच सांगा.

कोरडी की किंचित गोड

कोरडी हवी असेल तर हायड्रोमीटर शून्याच्या खाली, उणे एक ते दीडपर्यंत जाऊ द्या आणि साखर लिटरला २ ग्रॅमच्या आत आल्याची चाचणी करून घ्या. हायड्रोमीटरच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका, अल्कोहोलमुळे तो साखर कमी दाखवतो.

नाशिकच्या शेनिनमध्ये थोडी साखर ठेवण्याची पद्धत बरीच रूढ आहे, आणि आपल्या तिखट जेवणाबरोबर ती शोभते. लिटरला १२ ग्रॅम ठेवायची असेल तर १८ ते २० ग्रॅमवर असतानाच टाकी पूर्ण थंडीवर टाका. यीस्ट थांबायला एक-दोन दिवस घेतं आणि तेवढ्यात उरलेली साखर खातं. तापमान २–३ अंशांवर आलं की केएमएस घाला, गाळावरून काढा. अशा वाइनला पुढे निर्जंतुक फिल्टर चुकवता येत नाही. एखादं जिवंत यीस्ट बाटलीत गेलं तर मे महिन्याच्या उकाड्यात ती पुन्हा आंबते आणि झाकण उडतं. शंका असेल तर पहिलं वर्ष कोरडीच करा.

सल्फाइट, स्थिरता

आंबवण संपल्यावर आठवड्याभरात लिटरला ६० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड द्या: १,५०० लिटरला सुमारे १६० ग्रॅम केएमएस. यातला निम्मा वाइनमध्ये बांधला जातो, उरलेला मुक्त राहून काम करतो. मुक्त किती हवा ते पीएचवर ठरतं. पीएच ३.२ ला २१ मिलिग्रॅम, ३.३ ला २६, ३.४ ला ३२, ३.५ ला ४०, ३.६ ला ५०. तोडणीच्या वेळी पीएचवर एवढा जोर का दिला ते या आकड्यांवरून कळेल. दर दोन आठवड्यांनी मोजा, कमी पडला तर भरा. गाळावरून काढलेली वाइन १,५०० लिटरच्या टाकीत तोंडापर्यंत भरा. जी थोडी जागा उरेल ती नायट्रोजनने झाका, आणि सिलिंडर संपला म्हणून एक दिवसही तशीच ठेवू नका.

उष्णतेत वाइन ढगाळ होते ती प्रथिनांमुळे. त्यावर बेंटोनाइट ही माती. किती घालायची ते चाचणीवर ठरवा. बेंटोनाइट २४ तास आधी गरम पाण्यात ५ टक्के भिजवा. १०० मिली वाइनच्या चार बाटल्यांत त्याचे १, १.५, २ आणि २.५ मिली घाला, म्हणजे १०० लिटरला ५०, ७५, १०० आणि १२५ ग्रॅम. बसल्यावर गाळून ८० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवा, थंड करा, अंधारात बॅटरीचा झोत मारा. जी सर्वांत कमी मात्रा झोतातही नितळ राहील तीच टाकीला. जास्त घातलं तर वाससुद्धा मातीबरोबर जातो. सॉव्हिन्यॉंला शेनिनपेक्षा बहुधा जास्त लागतं.

मग थंडीची स्थिरता. उणे ३ अंशांवर १० ते १४ दिवस, लिटरला ४ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर घालून पहिले काही तास ढवळत. टार्टरेटचे खडे इथेच पडले पाहिजेत. नाहीतर ते ग्राहकाच्या फ्रिजमध्ये पडतात, आणि त्याला काच आली असं वाटतं. थंड असतानाच फिल्टर करा, थंड वाइन हवेतला ऑक्सिजन जास्त ओढते म्हणून पुढची टाकी आधी नायट्रोजनने भरून घ्या.

बाटली

१,५०० लिटर रसातून शेवटी साधारण १,४०० लिटर वाइन राहते, ७५० मिलीच्या १,८५० च्या आसपास बाटल्या. ०.४५ मायक्रॉनचा मेम्ब्रेन फिल्टर भरण्याआधी ८५ अंशांच्या पाण्याने २० मिनिटं निर्जंतुक करा आणि अखंडतेची चाचणी घ्या (तो कुठे फाटलेला नाही ना, हे बघा). मुक्त सल्फाइट त्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. व्हाइटसाठी स्क्रू कॅप बरी: कॉर्कचा दोष नाही, आडवी ठेवायची गरज नाही. सुरुवातीच्या आणि शेवटच्या दहा-वीस बाटल्यांत हवा जास्त जाते, त्या वेगळ्या ठेवून आधी संपवा. लेबलवर अल्कोहोलची टक्केवारी, बॅच, सल्फाइटचा उल्लेख आणि आरोग्याचा वैधानिक इशारा नियमाप्रमाणे हवा.

एप्रिल–मेमध्ये साध्या टेम्पोतून दुपारी माल पाठवू नका. गोदाम १५ अंशांच्या आसपास ठेवा. नाशिकच्या शेनिनचा भर ताजेपणावर असतो, ती एक-दोन वर्षांत संपवण्यासाठीच करा. प्रत्येक लॉटच्या २४ बाटल्या मागे ठेवा: निम्म्या थंड गोदामात, निम्म्या खोलीच्या तापमानावर. भरल्यापासून एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी दोन्हीकडची एकेक उघडून शेजारी ठेवा, रंग बघा, मुक्त सल्फाइट मोजा, आणि आकडे त्याच हंगामाच्या वहीत, तोडणीच्या पानाशेजारी लिहा.